धाकटीचं टोपडं

बारशाआधीच दोघींना नावं पडली होती, थोरली आणि धाकटी. तीन मिनिटांचं अंतर, पण मान तो मान. दोघी अकरा आठवडे आधी जन्मल्या. थोरली निभावली, धाकटीच्या मेंदूत रक्तस्राव झाला. अशा रक्ताने मेंदूतल्या पाण्याची वाट अडते, पाणी साचतं आणि मेंदू दाबला जातो. म्हणून सोलापूरच्या डॉक्टर बोरगावकरांनी घरी सोडताना धाकटीला ते टोपडं घातलं. त्याच्या मऊ अस्तरातून ध्वनिलहरी टाळूवाटे आत जात, साचलेल्या पाण्याचं माप घेत आणि ते थेट डॉक्टरांना कळवत. कानाजवळ एक बारीक दिवा होता. हिरवा म्हणजे ठीक.

अकरा दिवस दिवा हिरवाच होता. त्यांची आई शर्वाणी रात्री पाणी प्यायला उठली तरी आधी तो बघून यायची.

त्या सकाळी बार्शीला माहेरी तिची आई, कुमुदताई, धाकटीला पायांवर घेऊन टाळू भरत होत्या.

"बघ गं, टाळू कशी छान भरलीय," त्या कौतुकाने म्हणाल्या. "आणली तेव्हा खळगा होता. माझ्या तेलाचा गुण!"

शर्वाणीने वाकून बोट लावलं. टाळू फुगून टणक झाली होती. मग तिच्या लक्षात आलं, की बाळाचं डोकं उघडं आहे आणि तरीही घरात शांतता आहे. एरवी टोपडं काढलं की त्यातला भोंगा गल्ली गोळा होईल इतका कोकलायचा.

"आई, टोपडं कुठंय?"

"थोरलीला घातलंय. काढून ठेवलं की बोंबलतं मेलं, तिच्या डोक्यावर गप्प राहतं. रोजच घालते की, आंघोळ होईपर्यंत. तासभर फक्त."

थोरली पाळण्यात गाढ झोपली होती. दिवा हिरवा.

शर्वाणीने फोन लावून स्पीकरवर ठेवला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "दिवसभरात बाळ सर्वांत शांत असतं त्या तासाचं माप टोपडं खरं धरतं," ते सावकाश म्हणाले. "बाकीच्या वेळचं रडण्यामुळे वाढलंय असं समजून सोडून देतं. म्हणजे रोज आमच्याकडे झोपलेल्या थोरलीचंच माप आलं. आणि जुळ्यांच्या मेंदूची धडधड इतकी सारखी, की डोकं बदललेलं त्याला कळलंच नाही. आम्हालाही हे सुचलं नव्हतं. घरात मोजायची फीत आहे? डोक्याचा घेर मोजा."

शर्वाणीने दोनदा मोजला. "चौतीस सेंटीमीटर. आणली तेव्हा साडेएकतीस होता."

"लगेच निघा. पाणी आजच काढावं लागेल. गेल्या आठवड्यातच काढणार होतो, पण त्या हिरव्या दिव्यावर विसंबून थांबलो."

कुमुदताईंचे तेलकट हात तसेच अधांतरी राहिले होते. "माझ्या हाताने झालं का गं हे?" त्यांनी विचारलं. शर्वाणीला आईवर ओरडावंसं वाटलं, खूप ओरडावंसं. पण ती स्वतः तरी काय करत होती? अकरा दिवस दिवाच बघत होती. टाळूवर हात ठेवून बघायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

तिने धाकटीला दुपट्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"डॉक्टर, पाणी काढल्यावर दाबलेला मेंदू पुन्हा भरून येतो ना?"

"तुम्ही आधी निघा."

"येतो ना, डॉक्टर?"