मगरींकडे गेलेला बाण

बाबाराव पेंटरच्या अंगणात हरिदास पहिल्यांदा आला तो चुकून. त्याला गिरणीमागचा सुतार हवा होता. पण अंगणात वाळत ठेवलेली पाटी त्याने पाहिली, तिच्यामागे ब्रश घेऊन बसलेली मुलगी पाहिली... आणि सुतार राहिला बाजूला.

हरिदास ताडोबाच्या जंगलात वनरक्षक. दोन वर्षांपूर्वी, १९५५ साली, त्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं होतं. आता पाहुणे येणार म्हटल्यावर पाट्या आल्याच. बाबारावांची नजर अधू, त्यामुळे अर्ध्या हिंगणघाटच्या पाट्या त्यांची मुलगी जयवंताच रंगवायची, नाव मात्र बापाचं. तिच्या नखांतला निळा रंग पाहून हरिदासने हे गुपित ओळखलं, पण कुणाला सांगितलं नाही. तिला तो तिथेच आवडला.

मग दर पंधरवड्याला तो नव्या पाटीचा मजकूर घेऊन यायचा. ‘गाडीतून उतरू नये.’ ‘गव्यांना वाट द्यावी.’ पाटी रंगेपर्यंत सागाच्या, बांबूच्या, तळ्यावर येणाऱ्या सांबरांच्या गोष्टी सांगायचा.

“तुमाले वाघाचं भेव नाई वाटत?”

“वाघाचं नाई. तुमी ब्रश थांबवून वर पायता न — त्याचं वाटते.”

जयवंताची एक वेलांटी वाकडी गेली.

शेवटची पाटी जंगलातल्या तिठ्यावरची होती. वर ‘विश्रामगृह’, खाली ‘तळे — मगरी आहेत’. समोर बसलेल्या हरिदासने दोन्ही हात पसरले. “विश्रामगृह या हाताले, तळं या हाताले.” तिने त्या हातांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि दिसले तसे बाण काढले. पाटी गोणपाटात गुंडाळून तो दुपारच्या बसने गेला.

तो गेल्यावर ती उगीचच त्याच्या जागेवर जाऊन बसली. वेड्यासारखे त्याच्यासारखेच हात पसरले, आणि चूक तिच्या लक्षात आली. त्याचा उजवा हात तिला डावीकडे दिसला होता! बाण उलटे पडले होते. विश्रामगृहाकडे निघालेला माणूस आता थेट मगरींच्या काठावर पोचणार होता.

शनिवारी पाटी लागणार होती आणि रविवारी पाहुण्यांची पहिली बस. ती धावत स्टँडवर गेली, तर गाडी सुटलेली. दुसऱ्या दिवशी तिने जंगलाच्या वाटेवरच्या चांद्याला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला हरिदाससाठी चिठ्ठी दिली.

“माही गाडी चांद्यापर्यंत, बाई,” तो म्हणाला. “पुढं जंगलात कोन नेईन?” तरी त्याने ती खिशात ठेवली.

रविवारीही तिला जेवण जाईना. कुणाची लेकरं तळ्याकडे धावत असतील... त्यांना वाचवायला हरिदासच पाण्यात उतरला असेल...

“काऊन व पोरी, जेवत नाईस?” बाबारावांनी विचारलं. ती ताट घेऊन उठली.

सोमवारी दुपारी हरिदास दारात उभा होता. काखेत तीच पाटी, गोणपाटासकट.

“कोनाले... काई झालं?”

“काई नाई. बाण उलटे होते, म्हनून लावलीच नाई. काल दिवसभर तिठ्यावर मीच पाटीसारखा उभा राह्यलो, हात दाखवत.”

“तुमाले कवा समजलं?”

तो जमिनीकडे पाहू लागला. “इथंच. रंग ओला होता तवा.”

“मंग बोल्ले काऊन नाई?”

“शेवटची पाटी होती, जयवंता. बरोबर निघाली असती तं परत याले बहाना कोनता होता?”

तीन दिवसांचं रडू तिला एकदम फुटलं. “मी जेवली नाई तीन दिवस! मले वाटलं, मगरीनं तुमालेच...”

ओसरीवरच्या बाबारावांचे डोळे अधू असले तरी कान शाबूत होते. ते हळूच उठून आत गेले.

“माहं चुकलं,” हरिदास पुटपुटला. “बहान्याशिवाय आलो असतो तं... चाललं असतं?”

जयवंताने पदराने डोळे पुसले, ब्रश रंगात बुडवला आणि पाटी पुढ्यात ओढली. तो सवयीने समोर बसू लागला.

“तिकडं नाई,” ती म्हणाली आणि थोडी सरकली. “इकडं बसा, माह्या बाजूले. मंग दोघायचा उजवा हात एकाच अंगाले येते.”