पिवळी वायर, पांढरी पट्टी

आकाइतीची गाडी टायरच्या ढिगाला धडकली, तेव्हा आकाइती झोपेत होती.

धडकली कसली... टेकली. दमलेली गाय कुंपणाला टेकते, तशी. सकाळचे साडेसात, टोकोरोआ गावाचं दाट धुकं, आणि वृद्धाश्रमातली चौथी रात्रपाळी उरकून रोटोरुआहून पाऊण तास गाडी हाकत आलेली बाई. डोळा लागायला आणखी काय पाहिजे?

काचेवर टकटक झाली. बाहेर कानटोपी घातलेला धिप्पाड गडी, हातात चहाचा मग.

"दुकान आठला उघडतं, बाई. आणि यायचं दारातून असतं."

"माफ करा हं... तुमचे टायर—"

"टायरला काय धाड भरलीय? तुला लागलं का?"

"नाही. डोळा लागला फक्त."

त्यानं चहाचा मग खिडकीतून आत दिला. अर्धा उष्टा होता. तिनं तळापर्यंत संपवला.

त्याचं नाव रोंगो. चाळिशीला आलेला, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा. मूळचा आइतुताकी बेटावरचा. ती त्याच समुद्रातल्या मांगाया बेटाची, हे कळल्यावर त्यानं कपाळाला हात लावला.

"मांगायाची? म्हणजे हट्टी. अगं, झोप येते तर रेडिओ लावावा माणसानं!"

"लावते की. नुसता खरखरतो."

तो शेजारी येऊन बसला, किल्ली फिरवली. लगेच गाडीच्या यंत्रातली जपानी बाई मंजुळ आवाजात काहीतरी बोलली.

"ही रोज बोलते?"

"रोज. माझ्याशी इतक्या गोडीनं बोलणारी ही एकटीच आहे."

"आणि म्हणते काय?"

"मला काय ठाऊक? मला कुठं जपानी येतंय!"

"मला येतं," रोंगो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "म्हणते, या माणसाचा चहा ढोसलास, आता नाव तरी सांग त्याला."

आकाइती हसली. किती दिवसांनी, ते तिचं तिलाच आठवेना. गाल दुखले चक्क.

रोगाचं निदान सोपं होतं. गाडी जपानहून आलेली, रेडिओही तिथलाच. त्याला शहात्तर ते नव्वद एवढंच ऐकू येतं, आणि इथली बहुतेक स्टेशनं नव्वदच्या वर. रोंगोनं काडेपेटीएवढी एक डबी आणली, रेडिओभोवतीची चौकट खटकन काढली, रेडिओ ओढून बाहेर घेतला. एरियलची वायर रेडिओतून काढून डबीत घातली, डबीची रेडिओत. काळी वायर गाडीच्या लोखंडाला आवळली.

"आता या दोघींकडे बघ," तो म्हणाला. "लाल वायर किल्ली फिरवली की जागी होते, किल्ली काढली की झोपते. शहाणी आहे. ही पिवळी मात्र कधीच झोपत नाही. डबी जोडायची लालला. पिवळीला जोडली तर बंद गाडीतसुद्धा ती चालू राहते, आणि उभ्या गाडीची बॅटरी पिऊन टाकते."

"पिवळी माझ्यासारखी आहे," आकाइती पुटपुटली. "रात्र रात्र जागी."

त्यानं मान वळवून पाहिलं. क्षणभरच. मग जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळली.

"ही डबी वरची स्टेशनं वीसनं खाली उतरवते. म्हणून रेडिओवर दिसेल त्या आकड्यात वीस मिळवायचे. ब्याऐंशी दिसलं, तर एकशे दोन. कळलं?"

"कळलं."

"वय काय गं तुझं?"

"चौदा."

"आँ?"

"वीस मिळव."

रोंगोच्या हातातला स्क्रूड्रायव्हर सीटखाली पडला. तो शोधायला त्याला गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लागला.

रेडिओ ठणठणीत वाजू लागला. आकाइती रोज जागी राहून घरी पोचू लागली. आणि इथंच घोटाळा झाला... रेडिओच बरा झाला, मग आता दुकानात जायचं कशाला? नुसतं "तुझ्याशी बोलायला आले" म्हणायचं? छे! त्यापेक्षा नव्वद किलोच्या म्हाताऱ्याला न्हाणीतून उचलणं सोपं. तिची चार रात्री ड्युटी, चार दिवस सुट्टी. सुट्टी झोपण्यात आणि कपडे धुण्यात जायची. अंगात एवढंही त्राण उरायचं नाही की केस विंचरून कुणाच्या दारात जावं.

पण एक वायर इकडची तिकडे करायला कितीसं त्राण लागतं?

सुट्टीच्या पहिल्या सकाळी तिनं चौकट काढली, डबी लालवरून सोडवून पिवळीला जोडली. काळी पट्टी नव्हती. खिशात ड्युटीवरची, जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी होती. तीच गुंडाळली. बॅटरी जुनी, त्यात इकडे जुलै म्हणजे ऐन थंडी, कडक हिव. चौथ्या दिवशी गाडी ठप्प! तिनं दुकानात फोन लावला.

"रोंगो, बॅटरी मेली रे."

तो आला, गाडी चालू केली, चौकटीत डोकं घातलं. बाहेर आला तेव्हा चेहरा कोऱ्या पाटीसारखा.

"कमाल आहे," एवढंच म्हणाला.

पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच. या खेपेला तो येताना खिमा भरलेल्या दोन गरम पेस्ट्र्या घेऊन आला. बॅटरी चार्ज होईस्तोवर दोघं गाडीत बसून खिम्याचा रस्सा बोटांवरून चाटत राहिले. फार बोलले नाहीत. आकाइतीला ते फार बरं वाटलं. वृद्धाश्रमात सारखं बोलावं लागतं.

तिसऱ्या खेपेला त्यानं आल्या आल्या चौकटीत डोकं घातलं.

"चुलतभाऊ बोलावतोय. पर्थला. खाणीत काम आहे," तो डोकं आत घालूनच म्हणाला. "पुढच्या शनिवारी निघायचं म्हणतो."

"छान की," ती म्हणाली.

"छान?"

"म्हणजे... तिथं ऊन असेल."

"असेल." मग एक हात बाहेर आला. "पेन आहे? बॅटरीवर तारीख टाकतो."

तिनं पेन दिलं. काम उरकून तो गेला. जाताना हातसुद्धा हलवला नाही मेल्यानं.

रात्री पाळीवर जायचं, म्हणजे आत्ताच झोपून घ्यायला हवं होतं. झोप कुठली! आजपासून चार रात्री ड्युटी होती. मग सुट्टी लागून बॅटरी मरेपर्यंत शनिवार उलटून गेला असता. ती गाडीत जाऊन बसली. आजच आजारी आहे म्हणून कळवायचं, गाडी दारातच उभी ठेवायची, वायर आत्ताच फिरवायची, चौथ्या दिवशी बॅटरी मरेल, तो शेवटचा एकदा येईल... आणि मग? मग पुन्हा "छान की" म्हणायचं?

तरी चौकट काढलीच. मांगायाची ना.

जोडावर त्याची नेहमीची काळी पट्टी नव्हती. तिचीच पांढरी होती. त्यावर पेनानं काहीतरी लिहिलेलं. तिनं एक वेढा सोडवला.

*आमच्या दुकानात पांढरी पट्टी नसते.*

दुसरा वेढा.

*पहिल्याच खेपेला कळलं.*

तिसरा वेढा.

*पर्थला अजून हो म्हटलेलं नाही. तू नको म्हण.*

पट्टी संपली. खाली जोड उघडा पडला. डबी लालला नव्हती... पिवळीला होती. लबाडानं स्वतःच्या हातानं जोडली होती! तिनं चौकट उघडली नसती, तरी आज ना उद्या बॅटरी मेलीच असती आणि तिला फोन करावाच लागला असता.

तिनं फोन लावला.

"मेली का बॅटरी?" रोंगोनं विचारलं. "एवढ्यात?"

"नाही मेली."

"मग?"

"नको जाऊस."

पलीकडे काहीतरी खणकन पडलं. स्क्रूड्रायव्हरच असणार.

"बस तिथंच. आलोच."

तो आला तेव्हा ती स्टिअरिंगवर डोकं टेकून गाढ झोपली होती, मुठीत पांढरी पट्टी. त्यानं तिला उठवलं नाही. शेजारी बसला, डबी पिवळीवरून सोडवली, लालला जोडली आणि काळी पट्टी नीट गुंडाळली. मग चालते का बघायला हळूच किल्ली फिरवली.

जपानी बाई मंजुळ आवाजात बोलली.

"काय म्हणते?" आकाइतीनं डोळे न उघडताच विचारलं.

"म्हणते, झोप आता," रोंगो म्हणाला. "हा कुठं जात नाही."