'वी' म्हणजे कोण कोण?

"हा कंगवा," भिंगरी ठसक्यात म्हणाली. "हा टायर. आणि हा... मामाचा हातोडा!"

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या त्या तरुणीला या कामात चार वर्षं झाली होती, पण तक्त्यावरच्या ई, ओ आणि टीला अशी नावं कुणी दिली नव्हती. तिने अगदी खालच्या ओळीवर पट्टी टेकवली. सहा वर्षांच्या भिंगरीने मुंगीएवढी अक्षरंही पटापट ओळखली, फक्त खिळा, बिजागरी आणि कडी म्हणून.

"नंबर किती निघाला, मॅडम?" दाराशी उभ्या मामाने विचारलं. सुतारच तो, केसांत अजून भुसा होता. "शाळेतल्या बाई म्हणतात, हिला फळ्यावरचं इंग्रजी दिसत नाही."

"दिसतं सगळं. डोळे घारीचे आहेत. अक्षरओळखच नाही, त्याला भिंग मी कुठून आणू?"

तो ओशाळून हसला आणि त्याचे कान लाल झाले. तिला ते आवडलं... उगाचच आवडलं, असं तिने स्वतःला बजावलं.

मग हळूहळू कळलं. भिंगरीची आई परदेशात नर्स होती आणि तीन महिन्यांनी लेकीला तिकडच्या शाळेत घालणार होती. तोवर इंग्रजी यायला हवं होतं. "आणि माझं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद," मामा म्हणाला.

"दुपारच्या सुट्टीत पाठवा तिला," ती बोलून गेली.

पाठवा म्हटलं, तर तो स्वतःच घेऊन येऊ लागला. भिंगरी काउंटरवर पाय हलवत बसायची आणि मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर, नव्या विद्यार्थ्यासारखा. बी आणि डी यांत भिंगरी रोज गडबडायची. रडकुंडीला यायची. चौथ्या दिवशी मामाने खिशातून लाकडाचं एक अक्षर काढलं. एक गोल आणि एक दांडी.

"असं धरलं की बी. पलटलं की डी. उलटं टांगलं की पी..."

"आणि परत पलटलं की क्यू!" भिंगरी किंचाळली.

तिने ते अक्षर हातात घेतलं. कडेवरून बोट फिरवलं. कुठे धार नाही, कुठे कुसळ नाही.

"किती घासलंत हो!"

"लहान हात आहेत ना तिचे," तो एवढंच म्हणाला.

ज्याला स्वतःला इंग्रजी येत नाही, त्याने इंग्रजी असं मऊ करून आणावं! ती तिथेच प्रेमात पडली. चांगली धप्पकन पडली.

"मॅडम, तुम्ही स्वतः चष्मा नाही लावत?" एकदा त्याने विचारलं.

"जवळचं मला नीट दिसतं."

"हो? मग... दिसतंय ना?"

तिने घाईघाईने पट्टी उचलली आणि तक्त्याकडे वळली. पट्टी उलटी धरली होती, हे भिंगरीने सांगितलं.

पाचव्या आठवड्यात तो सहज म्हणाला, "हिची आई म्हणते, तूही ये. तिकडे फर्निचरच्या कारखान्यात काम बघितलंय." तिने मनातल्या मनात हिशेब केला. म्हणजे भिंगरी जेवढं शिकणार, तेवढी ही दोघं लांब जाणार! शिकवण्यात जरा हात आखडता घ्यावा, असं पाप एका दुपारी तिच्या मनात आलं. मग तिची तिलाच लाज वाटली आणि त्या दिवशी तिने दुप्पट शिकवलं. पुढच्याच आठवड्यात भिंगरी फोनवर आईला म्हणाली, "आय ॲम फाइन. यू आर व्हेरी फार." पलीकडे आई रडली, अलीकडे मामा.

बघता बघता शेवटची दुपार आली. मामाने चोरट्यासारखी एक वही पुढे सरकवली.

"मीपण अभ्यास केलाय. तपासता?"

वहीत एकच वाक्य होतं. 'वी विल लिव्ह हिअर.' हिअरचं स्पेलिंग मात्र ऐकण्याचं झालं होतं.

"इथे ऐकायचंय की राहायचंय?" तिने हसून विचारलं.

"राहायचंय. कारखान्याला नको म्हणून कळवलं मी. रविवारी हिची आई येऊन हिला नेईल."

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. तेवढ्यात भिंगरीने वहीत डोकं घातलं.

"ताई, वी म्हणजे आम्ही की आपण?"

"दोन्ही. इंग्रजीत त्याला एकच शब्द आहे."

"मग तू आत आहेस की बाहेर, ते कसं कळणार?"

"ते... लिहिणाऱ्याला विचारायचं."

भिंगरी गर्रकन वळली. "मामा, आम्ही की आपण?"

मामाचे कान लाल झाले होते. "आपण," तो म्हणाला. "म्हणजे... मॅडमची हरकत नसेल तर."

"हे विचारायला इंग्रजी कशाला?" तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"मराठीत विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर तोंड कुठे लपवू? इंग्रजीत काय... स्पेलिंग चुकलं म्हणता आलं असतं."

तिने स्पेलिंग दुरुस्त केलं. मग त्याखाली, टपोऱ्या मराठी अक्षरांत, एकच शब्द लिहिला आणि वही भिंगरीपुढे धरली.

भिंगरीने बोट ठेवून वाचलं, "आ... प... ण. आपण!"

"परत वाच," मामा म्हणाला.