डावं मागचं चाक

सोनीबाई राठोड खुर्चीवर बसेचना. भैरवी मोहरीलच्या कचेरीत ती दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत राहिली.

"मॅडम, काल दुपारी माह्या माणसाले ठाण्यात नेलं. त्यानं लावलेलं चाक निखळलं म्हणतात. भावसिंग पंचवीस वर्सं चाकं लावून राह्यला. असं कधीच झालं नाही!"

भैरवी यवतमाळात विमा कंपन्यांसाठी अपघातांची चौकशी करायची. कधीमधी खासगी काम घ्यायची. कोर्टातून निवृत्त झालेले वामनकाका तिच्यासोबत टिपणं घेत हिंडायचे.

"गाडी कोणाची?"

"भगवानराव ठोंबऱ्याच्या पोराची. क्षितिजची."

वामनकाकांनी मान वर केली. ठोंबऱ्यांची कापसाची जिनिंग मिल सगळ्यांना ठाऊक होती. २००६ चा फेब्रुवारी सुरू होता, कापसाला कोणी विचारत नव्हतं आणि ती जिनिंग दिवाळीपासून बंद होती. क्षितिजची लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कारही सगळ्यांना ठाऊक होती. बुधवारी सकाळी बाभुळगाव रस्त्यावर तिचं डावं मागचं चाक निघून गेलं, गाडी कडेच्या निंबावर आदळली आणि क्षितिजचा पाय दोन ठिकाणी मोडला.

"चला काका," भैरवी म्हणाली.

*

कोठडीत भावसिंगही उभाच होता. गज धरून तो भराभरा बोलू लागला.

"पोराले अठरा इंची चाकं पाह्यजे होती. म्या म्हटलं, जमत नाही. या गाडीले सतराच. अठरा लावली तर खड्ड्यात टायर मडगार्डले घासते. महिनाभर मापं काढली, मॅडम. पाच बोल्टाचा गोल किती, चाक आत किती बसते, टायर किती वजन झेलते. मधलं भोक मोठं होतं, त्यात रिंग बसवली. सोमवारी लावून वीस किलोमीटर फिरवली आन् नट परत कसले."

"नट कोणते लावले?"

"नवे. या अलॉय चाकाचे नट बुडाशी निमुळते असतात. जुन्या लोखंडी चाकाचे गोल बुडाचे. दोन्हीचा आटा एकच, दोन्ही बसतात. पण चाक पकडतात आपापलंच. स्टेपनी जुनीच लोखंडी आहे, म्हणून तिच्यासाठी पाच जुने नट थैलीत घालून तिलेच बांधून देल्ले."

"हे कोणाला सांगितलं होतं?"

"क्षितिजले. दुसऱ्या कोणाले सांगणार?"

जमादार भैरवीच्या ओळखीचा होता. त्यानं मागच्या आवारात ठेवलेली गाडी दाखवली.

"रस्त्यावर तीन नट सापडले. तिन्ही गोल बुडाचे. अन् डिकीतल्या थैलीत हे पाच, नवेकोरे, निमुळते. एका चाकाले अदलाबदल करून बसला तुमचा भावसिंग. दुसरं काय?"

"स्पष्टच आहे," वामनकाका पुटपुटले.

 भैरवी गाडीखाली वाकली. मडगार्डला आतून घासल्याची एकही खूण नव्हती. मधली रिंग जागच्या जागी होती. उरलेल्या तीन चाकांचे पंधराही नट निमुळत्या बुडाचे आणि घट्ट होते. मग तिनं डिकीतली स्टेपनी बाहेर ओढली. टायरच्या खाचांत काळी माती गच्च बसली होती आणि मातीत कापसाच्या पऱ्हाटीच्या काडीचा तुकडा अडकला होता.

शेवटी तिनं निखळलेलं चाक हळूहळू फिरवलं. एका जागी तिचं बोट थांबलं. दोन खाचांच्या मधे रबराच्या दोरीचं टोक बाहेर आलं होतं.

"पंक्चर काढलंय, काका. सोमवारी बसवलेल्या कोऱ्या टायरचं."

"रस्तेच तसे आहेत आपले," काकांनी लिहून घेतलं.

*

ठोंबऱ्यांच्या घरात कोणी एका जागी बसत नव्हतं. फक्त प्लास्टर घातलेला क्षितिज तेवढा पलंगावर खिळला होता आणि त्याचीही बोटं चादरीशी चाळा करत होती.

"मंगळवारी गाडी कुठं होती?" भैरवीनं विचारलं.

"घरीच. मी एसटीनं नागपूरला गेलो होतो, पाच वाजता परतलो. किल्ली त्या खिळ्यालाच असते."

"पंक्चर कधी झालं?"

"पंक्चर? दोन दिवसांच्या टायरला? छे."

"बुधवारी गाडीत बसलात तेव्हा काही वेगळं वाटलं?"

तो आठवू लागला. "सीट पुढं होतं. गुडघे स्टेअरिंगला लागले. घाईत होतो, मागं सरकवलं अन् निघालो."

त्याचा चुलतभाऊ बंटी दारातून वाकून आत आला. चौकट त्याला बुटकी पडत होती.

"माह्यावर आळ नका घेऊ. त्यानं मले एकदाही चाबी देल्ली नाही, म्हणून भांडण झालं हे खरं. पण मंगळवारी मी मारेगावले शेतावर गेलतो."

भगवानराव व्हरांड्यात येरझारा घालत होते. तेही पुतण्याइतकेच उंच. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता आणि पट्टी अजून उतरली नव्हती.

"कापूस घरात पडून हाय आन् हे पोरगं महिनाभर चाकं निवडत बसलं! त्या भावसिंगले मी सोडत नसतो."

विमलताई, क्षितिजची आई, चहा घेऊन आल्या. लहानखुऱ्या, भैरवीच्या खांद्याला लागतील एवढ्याच. 

"तुम्ही मंगळवारी घरी होतात?"

"मी कुठं जाणार, बाई? मी तर त्या गाडीत अजून बसलीसुद्धा नाही. पण गाडीच तशी हाय. क्लच इतका हलका का पाय टेकला तरी दबते. पोट्टं पळवल नाही तर काय करल?" त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "नट सैल राह्यले होते का वो?"

"नाही, ताई," भैरवी त्यांच्याकडे बघत म्हणाली.

बाहेर पडल्यावर तिनं वामनकाकांना बाभुळगावला पाठवलं. बिनट्यूबच्या टायरचं पंक्चर त्या रस्त्यावर एकटा धावजीच काढायचा. काका दोन तासांनी घाम पुसत परतले.

"मंगळवारी दुपारी त्यानंच काढलं. लाल गाडीचंच. गाडी स्टेपनीवर आली होती. पण कोणी आणली ते सांगत नाही. म्हणतो, शब्द दिलाय. म्हणतो, त्या जिवानं वाईट काही केलं नाही."

"पुरे झालं," भैरवी म्हणाली. "सोनीबाईंना घेऊन ठोंबऱ्यांकडे या."

*

चार वाजता सगळे क्षितिजच्या पलंगाभोवती जमले. सोनीबाई उंबऱ्याशी उभी राहिली. भैरवीनं एक गोल बुडाचा आणि एक निमुळता नट चादरीवर ठेवला.

"चाक मापाचं नव्हतं असं म्हणावं, तर कुठं घासलेलं नाही आणि रिंगही शाबूत आहे. भावसिंगनं नटांची चूक केली म्हणावं, तर ती सोमवारची असायला हवी. पण सोमवारनंतर हे चाक निघालं होतं, कारण त्याचं पंक्चर काढलंय. स्टेपनीही लागली होती, तिच्या खाचांत शेतातली माती आहे. म्हणजे मंगळवारी कोणीतरी गाडी नेली. वळवताना ती कापसाच्या शेतात उतरली आणि पऱ्हाटीचा खुंट टायरात घुसला. नेणाऱ्यानं स्टेपनी लावली, तिलाच बांधलेल्या थैलीतले नट वापरून. तिथवर सगळं बरोबर. धावजीकडून पंक्चर काढलं, अलॉय परत चढवलं, पण घाईत हातातले तेच जुने नट लावले. नवे थैलीत गेले."

"बंटी!" भगवानराव गरजले.

"बंटीचे गुडघे त्या पुढं ओढलेल्या सीटवर मावले नसते. तुमचेही नाहीत, शिवाय तुमच्या डोळ्याला पट्टी. क्षितिजला नटांतला फरक माहीत होता. राहिली एकच उंची." भैरवीचा आवाज खाली आला. "आणि गाडीत न बसलेल्या माणसाला तिचा क्लच हलका आहे हे कळत नाही."

वामनकाकांचं पेन थांबलं. विमलताईंनी पदर तोंडाशी धरला आणि सोडला.

"उमरखेडले बाबाची जीप चालवायची मी," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यावर कोणी म्हटलंच नाही, चालवशील का म्हणून. दिवाळीपासून या घरात कोणी बोलत नाही. जिनिंगचा आवाज नाही. हे येरझारा घालतात, मी भिंतीकडे पाहात बसते. त्या दिवशी घरी कोणी नव्हतं, किल्ली दिसली. एकदा जोरात जावं वाटलं, बस." त्यांनी क्षितिजकडे पाहिलं. "परवापासून वाटून राह्यलं का माह्याच हातानं नट सैल राह्यले. विचारायची हिंमत झाली नाही."

"सैल नव्हते, ताई. तुम्ही कसूनच लावले होते. पण गोल बूड निमुळत्या खाचेत बसत नाही. कितीही आवळलं तरी चालता चालता सुटतंच."

"भावसिंगले नेलं तेव्हा तरी बोलायचं होतं, बाई," सोनीबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो तिनं लपवला नाही.

"हो," विमलताई म्हणाल्या. "बोलायचं होतं."

 भगवानराव पहिल्यांदाच खुर्चीवर टेकले. मग क्षितिजनं विचारलं, "आई, कितीवर नेली होती?"

"एकशेवीस."

"मी एवढी कधीच नेली नाही," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

विमलताई उठल्या. "घरचा मामला हाय, मी फोन करून सांगतो ठाण्यात," भगवानराव म्हणाले. पण त्या तोवर चपला घालून सोनीबाईपाशी पोचल्या होत्या.

*

जमादारानं जबानी लिहायला घेतली. वामनकाका शेजारी बसले होते, भैरवी दाराशी.

"मंगळवारी गाडी कोण चालवत होतं?"

"मी. विमल भगवानराव ठोंबरे. चाकही मीच लावलं. त्या माणसाची काही चूक नाही."

आतून कोठडीचं कुलूप निघाल्याचा आवाज आला. सोनीबाई धावतच आत गेली.

"लायसन?" जमादारानं वर न बघता विचारलं.

"नाही," विमलताई म्हणाल्या. "तेही लिहा."