काचेवरची दोन नावं

“बरं, मोटारहोमच घेऊ,” शिवराजकाका म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागले.

सत्यमचा चमचा तोंडाशी पोचायचा थांबला. श्रेयाने बाबांकडे पाहिलं. बाबा वाद घालायला तोंड उघडून बसले होते, ते तसंच उघडं राहिलं. या घरात असं काही याआधी कधीच झालं नव्हतं.

गारखेड्यातल्या त्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. श्रेया-सत्यमचे बाबा सुदर्शन आणि त्यांचे मोठे भाऊ शिवराज, दोघांनी मिळून चाकांवरचं घर घ्यायचं ठरवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत पैठणला नाथसागराच्या काठी चार दिवस मुक्काम, तिथून पुढे वेरूळ, असा बेत होता. भांडण एवढंच, की घर घ्यायचं कुठलं. बाबांना हवं होतं मोटारहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेलं घर. बसा आणि निघा, मागे बायको चहा करतेय, पुढे गाडी चाललीय. काका म्हणायचे, चालत्या गाडीत चहा केलास तर तो तुझ्याच डोक्यावर सांडेल. काकांना ट्रेलर हवा होता, जीपच्या मागे जोडायचं घर. रस्त्यात सगळे जीपमध्ये, मुक्कामाला पोचलं की ट्रेलर सोडून ठेवायचा आणि जीप घेऊन हिंडायचं. त्यावर बाबा म्हणायचे, तुला साधी जीप मागे घेता येत नाही, ट्रेलर कसा घेशील?

पण काकांकडे एक मुद्दा असा होता की बाबा गप्प व्हायचे. त्या ट्रेलरचं मागचं दार खाली पडायचं आणि त्याचाच उतार व्हायचा. प्रेरणाची व्हीलचेअर त्यावरून सरळ आत जाणार होती.

प्रेरणा ही काकांची एकुलती एक मुलगी. चौदा वर्षांची, तिन्ही मुलांत मोठी. तिच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं, डोक्यात मात्र भरपूर होतं. नाथसागरावर हिवाळ्यात येणाऱ्या चक्रवाक पक्ष्यांची तिने वहीच केली होती. मोठ्यांच्या भांडणात तिचं नाव दिवसातून दहादा यायचं. तिला विचारावं असं मात्र दहांतून एकदाही कोणाच्या मनात यायचं नाही. मोठ्या माणसांना हे बरोबर जमतं.

“काहीतरी शिजतंय,” अंगणात आल्यावर सत्यम म्हणाला. तो अकरा वर्षांचा होता आणि त्याच्या मते जगात सतत काहीतरी शिजत असायचं.

“काका हरले, एवढंच,” शेजारची मृण्मयी म्हणाली. ती रोज नाश्त्याच्या वेळेला बरोबर हजर असायची.

“काका हरत नाहीत,” श्रेया म्हणाली. “गेल्या वर्षी गच्चीच्या रंगावरून बाबांशी आठ महिने बोलले नव्हते. आज पोहे संपायच्या आत हरले?”

प्रेरणा वहीत काहीतरी लिहीत होती. तिने वर पाहिलं नाही. “सोडा ना,” ती म्हणाली. “मोठ्यांचं भांडण मिटलं तर बरंच आहे. आणि मला नाहीतरी सुट्टीत फुलंब्रीला आजीकडे जायचंय.”

हे तर आणखीच विचित्र होतं. महिनाभर चक्रवाक चक्रवाक करणारी मुलगी आजीकडे कशाला जाईल? श्रेयाने विचारलं, पण प्रेरणाने विषय बदलला.

दुपारी श्रेया, सत्यम आणि मृण्मयी आकाशकंदिलाचे कागद आणायला रिक्षाने औरंगपुऱ्यात गेली. प्रेरणा आली नाही. कागद घेतल्यावर सत्यमने संघपालच्या दुकानात जायचा हट्ट धरला. संघपाल रेडियमवाला होता. गाड्यांच्या काचेवरची चमकती अक्षरं, देव, वाघ, ‘आईची कृपा’, सगळं तो कापून द्यायचा. या घरातल्या प्रत्येक वाहनावर घरातल्या लेकरांची नावं त्यानेच लावली होती. फुलंब्रीच्या शेतावरच्या ट्रॅक्टरवर, जीपवर, अगदी बाबांच्या स्कूटरवरसुद्धा एकच ओळ होती: प्रेरणा, श्रेया, सत्यम. नव्या गाडीची ऑर्डर आली असणार, आणि या वेळी आपलं नाव मोठ्या अक्षरांत आहे का, हे सत्यमला बघायचं होतं.

ऑर्डर आली होती. संघपालने चंदेरी पट्टी उलगडून दाखवली. सत्यम खूश झाला, अक्षरं खरंच मोठी होती. मग त्याने ती पुन्हा वाचली.

“दोनच नावं आहेत,” तो म्हणाला.

पट्टीवर लिहिलं होतं: श्रेया, सत्यम.

संघपालचाही चेहरा उतरला. त्याने खणातून चिठ्ठी काढून समोर ठेवली. “मी विचारलं की त्यांना. म्हटलं, साहेब, एक नाव राहिलं का? तर म्हणले, नाय, एवढीच लाव.”

“कोणते साहेब?” श्रेयाने विचारलं. बाबा विसरले असतील, असं तिला मनापासून वाटत होतं. बाबा स्वतःचा चष्माही विसरतात.

“थोरले. शिवराजसाहेब.”

तिघं परतीच्या रिक्षात बसली. स्वतःच्या मुलीचं नाव गाळणारा बाप तिघांनीही पाहिला नव्हता, आणि तो आपल्याच घरात असेल हे तर त्यांच्या डोक्यातच शिरत नव्हतं. प्रेरणाला यातलं काही सांगायचं नाही, एवढं मात्र त्यांनी घर यायच्या आधी ठरवलं.

पुढचं सत्यमला सुचलं. संध्याकाळी त्याने हवा तपासायच्या निमित्ताने प्रेरणाची खुर्ची टेपने मोजली. पंचवीस इंच भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं सायकली मारत बीड बायपासजवळच्या बद्रीनाथच्या वर्कशॉपवर पोचली. तिथेच ही चाकांवरची घरं बांधत असत. ट्रेलर आणि मोटारहोम शेजारी शेजारी उभे होते. मोटारहोमला चढायला तीन उंच पायऱ्या होत्या आणि वर अरुंद दार. सत्यमने टेप लावली.

“बावीस.”

“पुन्हा मोज,” श्रेया म्हणाली.

“टेप बदलली तरी बावीसच येणार, श्रेया.”

बद्रीनाथ हातातला पाना पुसत आला आणि हसला. “तुमच्या काकांनी बी पहिल्या दिशी हेच केलं. टेप घेऊनच आले होते. मी बोललो, साहेब, फिकीर नको, पंधरा दिवस द्या, दार रुंद करतो, खाली उतार बसवतो. लई लोक करून घेतात.”

“मग?” मृण्मयीने विचारलं.

“आधी हो म्हणले. मग आठ दिवसांनी फोन आला. दार आहे तसंच राहू द्या, म्हणले.” त्याने खांदे उडवले. “आपल्याला काय, गिऱ्हाईक बोलेल तसं.”

म्हणजे काका हरले नव्हते. प्रेरणाला आत जाता येणार नाही अशी गाडी त्यांनी मोजून निवडली होती. श्रेयाला इतका राग आला की परत येताना ती दोन सिग्नल न बघताच पुढे गेली, आणि मृण्मयीने तिला थांबवून चांगलंच झापलं.

आता करायचं काय? बाबांना सांगावं, तर बाबा म्हणतील, मोठ्यांच्या गोष्टींत पडू नका. काकांना विचारावं, तर ते काहीतरी कारण देतील आणि ते कारण ऐकायला फार समजूतदार वाटेल. मोठ्यांशी वाद घालून जिंकता येत नाही, हे तिघांना पक्कं ठाऊक होतं. पण या घरात एक गोष्ट अशी होती की तिच्यापुढे मोठ्यांचंही काही चालत नसे. नवीन वाहन घरात येताना पहिलं कुंकू घरातलं थोरलं लेकरू लावायचं आणि तेच पहिल्यांदा आत बसायचं. तोवर दुसऱ्या कोणी पायरीवर पाय ठेवायचा नाही. हा नियम फुलंब्रीच्या आजोबांचा, तात्यासाहेबांचा होता. या वेळी भावांनी पाडव्याला सकाळी गुपचूप जाऊन गाडी आणायचं ठरवलं होतं. तात्यांना कशाला एवढ्या लांब दगदग, असं बाबा म्हणत होते.

श्रेयाने फोन लावला. चहाड्या करायच्या नव्हत्या, म्हणून तिने फक्त एवढंच विचारलं, की तात्या, पाडव्याला गाडी येतेय, तर पहिल्यांदा आत कोण बसणार?

“हे काय इचारणं झालं? प्रेरणा बसंल,” तात्या म्हणाले. “कितीला जायचंय ते सांग. मी येतो.”

पाडव्याच्या सकाळी वर्कशॉपच्या दारात काका आणि बाबा जीपमधून उतरले, तेव्हा तात्या नारळ घेऊन आधीच खुर्चीवर बसलेले होते. मागोमाग रिक्षा आली. तीत आई, काकू आणि प्रेरणा होत्या, आणि पाठोपाठ सायकलींवर श्रेया, सत्यम आणि मृण्मयी. तात्यांनीच घरी फोन करून सगळ्यांना बोलावलं होतं. काकांनी रिक्षाच्या मागे बांधलेली खुर्ची पाहिली आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

प्रेरणाने हात पुढे करून मोटारहोमच्या बंपरला कुंकू लावलं. तात्यांनी नारळ फोडला. “आता बस आत,” ते म्हणाले.

खुर्ची पायऱ्यांसमोर जाऊन थांबली.

बाबांनी पायऱ्या पाहिल्या, मग दार पाहिलं. महिनाभर भांडून ते पहिल्यांदाच ते दार बघत होते. “अरे, हे तर...” ते म्हणाले आणि थांबले.

“मी उचलतो तिला,” काका घाईने पुढे झाले.

“नको पप्पा,” प्रेरणा म्हणाली. आवाज शांत होता. “चार दिवस प्रत्येक वेळी उचलणार का?”

सत्यमला राहवलं नाही. त्याने टेप ओढून दाराला लावली आणि मोठ्याने सांगितलं, दार बावीस, खुर्ची पंचवीस. बद्रीनाथ सहज म्हणून गेला, “साहेबांना ठाऊक आहे ते. मी तर दार वाढवून देत होतो.” बोलून झाल्यावर त्याला कळलं की हे बोलायचं नव्हतं.

काकू वळून काकांकडे बघत राहिल्या. तात्यांनी काठी जमिनीला टेकवली.

“शिवराज, तू मोजलं व्हतं?”

काका खाली बघत होते.  ते कोणाकडेच न बघता बोलले.

“मोजलं व्हतं, तात्या. चौदा वर्षं मोजतोच आहे. हॉटेलच्या पायऱ्या, लग्नाच्या हॉलच्या पायऱ्या, देवळाच्या पायऱ्या. कुठं निघायचं म्हणलं की पहिली टेप. चार दिवस फकस्त मोकळं जावं वाटलं. ती आजीपाशी सुखात राहिली असती.”

श्रेयाने चार दिवस मनात काकांना काय काय सुनवायचं याची तयारी केली होती. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं राहिलं नव्हतं, आणि राग तर अजून तसाच होता. प्रेरणासमोर हे उघडं पडायला नको होतं. खुर्ची दारासमोर आणली की गाडी बदलेल, इतकाच विचार त्यांनी केला होता. त्या दारासमोर प्रेरणा बसलेली असेल, हे तिघांपैकी कोणालाही सुचलं नव्हतं.

तात्यांनी निकाल दिला. मोटारहोम नको, ट्रेलर घ्यायचा. शिवराजला ते एक शब्दही जास्त बोलले नाहीत. बाबांना मात्र म्हणाले, “त्यानं मोजून तरी चूक केली. तुला मोजायचं बी सुचलं नाय.” मग त्यांनी मुलांना जवळ घेतलं. लेकरांनी घराची लाज राखली, लई हुशार निघाली, असं ते बद्रीनाथला सांगू लागले. बद्रीनाथच्या माणसांनीही मान डोलावली. आईने सत्यमच्या डोक्यावरून हात फिरवला, मृण्मयीलाही शाबासकी मिळाली. शाबासकी घेताना कुठे बघावं हे तिघांनाही कळत नव्हतं.

ट्रेलरचं मागचं दार खाली आलं. प्रेरणा स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत उतारावरून आत गेली. खुर्ची सहज आत गेली. आत ती गोल फिरली, खिडकीशी थांबली आणि तिने श्रेयाला हाक मारली.

“तुला कधी कळलं?” तिने विचारलं.

“पाच दिवस झाले. संघपालच्या दुकानात.” श्रेया म्हणाली. “तुला सांगायचं नव्हतं गं आम्हांला. तू फक्त यावंस, एवढंच.”

“मला पंधरा दिवस झाले,” प्रेरणा म्हणाली. “पप्पा फोनवर मोठ्याने बोलतात. दार तसंच राहू द्या म्हणाले, तेव्हा मी आतल्या खोलीत होते.”

श्रेया तिच्याकडे बघतच राहिली. “मग तू काही बोलली का नाहीस?”

“कशाला? त्यांना एकदा तरी हिंडायचं होतं ना. म्हणून तर मी आजीकडे जाते म्हणत होते. मी स्वतःहून गेले असते, तर त्यांना कधी कळलंच नसतं की मला माहीत आहे.” तिने खिडकीची काच थोडी सरकवली. “आता ते मला घेऊन जातील. पैठणपर्यंत जीपमध्ये माझ्याशेजारी बसतील आणि माझ्याकडे बघणार नाहीत. तुम्ही चांगलं केलंत, श्रेया. पण मला एकदा विचारायला हवं होतं.”

बाहेर तात्या अजून कोणाला तरी आपल्या नातवंडांची हुशारी सांगत होते. काका एकटेच उताराजवळ आले होते आणि फळी नीट बसली आहे का, हे वाकून हाताने दाबून बघत होते. ते बराच वेळ दाबत राहिले. आत मात्र त्यांनी पाहिलं नाही.