समुद्राकडचा रस्ता

सोंगखला हे गाव दोन पाण्यांच्या मधे आहे. पश्चिमेला सरोवर, पूर्वेला थायलंडचं आखात, आणि मधे जमिनीची अरुंद पट्टी. सरोवराकडे पाठ करून चालत सुटलं की अर्ध्या तासात समुद्र येतो. चुकायला वावच नाही. हे मी नकाशावरून सांगतोय. नकाशे काढणं हेच माझं काम होतं.

आमची कंपनी अगदी छोटी, आम्स्टरडॅम स्लोटरडाइक स्टेशनसमोरच्या एका इमारतीत. थायलंडमधल्या शहरांची माहिती देणारी वेबसाइट आम्ही चालवायचो, फिरायला जाणाऱ्यांसाठी आणि तिकडेच बिऱ्हाड करणाऱ्या परदेशी लोकांसाठीही. कुठल्या गावात पावसाळ्यात पाणी भरतं, कुठे भाड्याची घरं बरी मिळतात, कुठल्या दवाखान्यात इंग्रजी चालतं, असं सगळं. मजकूर चैत्राली लिहायची. चैत्राली म्हणजे माझी बायको. पुण्यात एकाच ऑफिसात ओळख झाली, लग्न झालं, मग इकडे आलो आणि आम्स्टरडॅमजवळच्या हार्लेमला घर घेतलं.

२०२०च्या फेब्रुवारीत ती दक्षिणेकडच्या प्रांतांवर लिहायला म्हणून महिन्याभरासाठी गेली. विमानं बंद झाली तेव्हा ती सोंगखलाच्या जुन्या वस्तीत होती. सरोवराकाठी एक लाल रंगाची जुनी भातगिरणी आहे, तिच्या शेजारच्या गल्लीत एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरची खोली तिने भाड्याने घेतली होती.

सुरुवातीला आम्हाला त्याची मजाच वाटली. माझी जेवणाची सुट्टी म्हणजे तिची संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात पोळीचा रोल खात बसायचो आणि ती फोन हातात धरून मला गाव दाखवायची. चिनी पद्धतीची जुनी घरं, बंद दुकानांच्या लाकडी फळ्या, देवळाच्या पायरीवर आडवं पडलेलं कुत्रं. रस्त्यावर माणूस नाही.

"सिद्धार्थ, इथे इतकं शांत आहे ना, की सरोवराचं पाणी भिंतीला लागलेलं ऐकू येतं," ती म्हणाली होती.

एप्रिलमध्ये एकदा ती म्हणाली, "आज समुद्र बघून येते. बीच बंद केलाय, पण लांबून तरी बघते."

थोड्या वेळाने तिचा फोन आला. हसत होती. "अरे, मी चुकले. परत गिरणीपाशीच आले."

"पूर्वेला गेलीस ना?"

"सरळ गेले. बंद पडलेलं रेल्वे स्टेशन लागलं, ते ओलांडलं. पुढे सुरूची झाडं दिसली, वाराही खारट आला. आणि मग ही गिरणी."

तिने फोन फिरवला. लाल भिंत, पुढे सरोवर, पाण्यावर मावळतीचं ऊन. मी तिचं लोकेशन उघडलं. निळा ठिपका समुद्राच्या वाळूवर होता.

जीपीएस चुकतं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. मी तसं तिला म्हणालो आणि आम्ही विषय सोडून दिला.

मे महिन्यात बँकॉकहून आम्स्टरडॅमला येणाऱ्या एका विमानात तिला जागा मिळाली. बँकॉकला जाणारी व्हॅन गावाबाहेरून सुटणार होती. ती बॅग घेऊन निघाली, आणि मी नकाशा समोर ठेवून तिला फोनवरून रस्ता सांगत गेलो.

"आता डावीकडे वळ. शाळा दिसते?"

"दिसली."

"आता सरळ. पेट्रोलपंप येईल."

बॅगेच्या चाकांचा आवाज येत होता, तो थांबला.

"सिद्धार्थ, समोर गिरणी आहे."

त्या दिवशी तिने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. एकदा मोटरसायकलवाल्याच्या मागे बसली. त्याने तिला नीट नेलं, हसून उतरवलं, आणि ती उतरली ती गिरणीच्याच दारात. विमान तिच्याशिवाय गेलं. वकिलातीतला माणूस फोनवर अतिशय सौजन्याने बोलला. म्हणाला, "मॅडमना बसने बँकॉकला यायला सांगा." हार्लेममधल्या आमच्या डॉक्टरांनाही मी विचारलं. त्या म्हणाल्या, एकटेपणाने माणसाचं दिशांचं भान जातं, तिला रोज थोडं चालायला लावा.

म्हणून आम्ही रोज प्रयत्न करत राहिलो.

सोंगखलापासून तासाभरावर हाट याय हे मोठं शहर आहे. तिथल्या रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात दामोदर आठल्ये नावाचे मुंबईचे इंजिनियर होते. मराठी मंडळाच्या एका ग्रुपवरून त्यांचा नंबर मिळाला. पन्नाशीचे, बोलायला मोकळे. जूनमध्ये जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरायला परवानगी मिळाल्यावर ते स्वतःची गाडी घेऊन गेले. "काही काळजी करू नका, वहिनींना इथे आमच्या घरी घेऊन येतो. नीलांबरीने खोली तयार ठेवलीये," ते म्हणाले. नीलांबरी त्यांच्या पत्नी.

मी दोन फोन समोर ठेवून बसलो, दोन्हीवर व्हिडिओ कॉल. एकावर आठल्ये, दुसऱ्यावर चैत्राली.

आठल्ये गल्लीत पोचले. म्हातारीच्या दारात उभे राहून त्यांनी मोडक्यातोडक्या थाई भाषेत बराच वेळ विचारपूस केली. मग मला म्हणाले, "त्या म्हणतायत, बाई तर एप्रिलमध्येच गेल्या. समुद्र बघायला जाते म्हणाल्या आणि परत आल्या नाहीत. सामान यांनी बांधून ठेवलंय."

"काका, ती आत्ता माझ्याशी बोलतेय."

"कुठून?"

मी दुसऱ्या फोनकडे वळलो. "चैत्राली, खाली ये. गल्लीत ये."

ती आली. तिच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज मी ऐकला. तिने फोन समोर धरला. गल्ली, विजेचा खांब, खांबाला टेकवलेली हिरवी सायकल, आणि सायकलच्या सीटवर बसलेलं एक पांढरं मांजर.

आठल्यांच्या फोनवर तीच गल्ली होती. तोच खांब, तीच सायकल.

मांजराने खाली उडी मारली. दोन्ही फोनवर, एकाच वेळी.

"इथे कोणी नाहीये," आठल्ये म्हणाले.

"कुठे आहेत ते?" चैत्राली म्हणाली. "इथे तर कोणीच नाही."

"हाक मार त्यांना!" मी म्हणालो.

तिने मोठ्याने हाक मारली. आठल्यांचा कॅमेरा तिकडे वळलाच नाही. ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, मग तिचा निळा ठिपका अजूनही जिथे दाखवत होता त्या जागी, समुद्रावर जाऊन आले. ओली वाळू होती, बाकी काही नाही. परत गाडीत बसल्यावर म्हणाले, "सिद्धार्थ, तुम्ही कोणाशी बोलताय, ते मला माहीत नाही. मला पुन्हा इथे यायला सांगू नका." त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही.

चैत्रालीला मी म्हातारीचं बोलणं सांगितलं.

"मला रोज जेवणाचं ताट येतं," ती म्हणाली. "दार उघडेपर्यंत आजी जिना उतरत असतात. मी त्यांची फक्त पाठ बघितलीये. केव्हापासून, ते आठवत नाही."

मी व्हिसासाठी अर्ज केला. तेव्हा कोणालाच आत घेत नव्हते. तिला म्हणालो, "मी येईपर्यंत प्रयत्न सोडायचा नाही. रोज निघायचं."

आणि ती रोज निघायची. तोपर्यंत मला एक गोष्ट दिसायला लागली होती, आणि मला वाटतं तिला ती माझ्याआधीच कळली असणार. पहिल्यांदा ती सुरूच्या झाडांपर्यंत गेली होती. जूनमध्ये रेल्वे स्टेशनपर्यंतच पोचायची. जुलैत देवळापर्यंत. मग गल्लीचा कोपरा. निघाली की कोपऱ्यावर वळायची आणि घराच्या दारात उभी असायची.

"प्रत्येक वेळी जरा आधीच वळतं," ती म्हणाली.

"काय वळतं?"

"माहीत नाही. मी नाही वळत."

"मग आता नको निघूस," मी म्हणालो. "अजिबात हलू नकोस. बसून राहा."

ती दोन-तीन आठवडे बसून राहिली. तरी ते थांबलं नाही. सप्टेंबरात ती पाणी आणायला म्हणून जिना उतरली आणि वरच्याच पायरीवर आली. नंतर दार उघडून बाहेर पडली ती खोलीतच आली. ताट येणं बंद झालं. भूक लागत नाही म्हणाली. ती वाळलेली दिसत नव्हती. केसही वाढले नव्हते.

हार्लेममध्ये पानं गळायला लागली. ऑफिस बंद झालं. थायलंडला कोणी जातच नव्हतं तर वेबसाइट कोण बघणार? मी दिवसभर घरीच असायचो. फोन चार्जरला लावून टेबलावर उभा ठेवलेला, त्यात ती. आम्ही पुण्यातलं काहीबाही बोलायचो. कधी ती म्हणायची, "तू जेव ना, मी बघते." मी तिच्यासमोर जेवायचो.

व्हिसा आला तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. मी कागद फोनसमोर धरला. "बघ. क्वारंटाइन धरून महिन्याभरात तिथे पोचतो."

तिने तो वाचला. "कुठे येणार तू, सिद्धार्थ?"

मी कागद टेबलावर ठेवला.

"खिडकीपर्यंत तरी जाता येतं का?" मी विचारलं.

"सकाळी उठले होते."

"मग?"

"खुर्चीतून उठले," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आणि खुर्चीत बसले."

मी तिकीट काढलं. बॅग भरली. कुठल्या रस्त्याने जायचं ते मला पाठ होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी नेहमीच्या वेळी तिचा फोन आला. चेहरा समोर होता, डोळे माझ्याकडे, ओठ काही बोलायला उघडलेले. मी हाक मारली. ती हलली नाही. पापणीही नाही. नेट गेलं असेल म्हणून मी वाट बघत बसलो.

मग तिच्यामागच्या भिंतीवरून एक पाल सावकाश वर गेली.