अठ्ठावन्न किलो जास्त

ज्याने कुणी आमच्या भागातली फिरत्या दवाखान्याची गाडी बंद केली, त्याने हा रस्ता कधी पाहिलाही नसेल. टेबलाशी बसून सही केली आणि मोकळा झाला. मी सांगते ते ऐकून भीती वाटली तर वाटू दे, पण आधी थोडा राग येऊ दे.

त्या शुक्रवारी मी आमचा ट्रेलर आणायला गेले होते. आमचा म्हणजे गावाचा. अकरा महिने आम्ही केक विकले, मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये नाचाचे कार्यक्रम केले. मी, नर्स होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, सगळ्यांच्या मागे लागून सगळ्यांना नकोशी झाले. पण ट्रेलर झाला. छोटा, वरून उघडा, उंच चाकांचा, दगडधोंड्यांतून ओढत नेता येईल असा. औषधांचा फ्रिज, घडीचं टेबल आणि तंबू त्यात बसणार होते. सोमवारी पहिली फेरी. दोनशे किलोमीटरवरच्या फार्मवर लिनेट वाट पाहत होती, आठव्या महिन्यातली, एकदाही तपासणी न झालेली.

ट्रेलर बांधणारे क्लेम म्हातारे आणि तिरकस. त्यांनी माझ्यासमोर तो काट्यावर चढवला. तीनशे चाळीस किलो. तोच आकडा पत्र्याच्या पट्टीवर ठोकला.

"बिननंबराचा रस्त्यावर न्यायचा परवाना आजच्यापुरता आहे, ब्रॉनी. चारच्या आत नोंदणी झाली नाही, तर सोमवारी हे बाळ अंगणातच."

"होईल."

"आणि पन्नास किलोमीटरवर थांब. नव्या चाकांचे नट पुन्हा आवळायचे असतात. कॉलेजात हे शिकवत नाहीत."

"कॉलेजात म्हाताऱ्यांचं निमूट ऐकायला शिकवतात. तेवढं पुरतं."

ते हसले. माझी गाडी आणि ट्रेलर यांच्या जोडाखाली सुरक्षेच्या साखळ्या कैचीसारख्या अडकवल्या आणि ट्रेलरच्या पाठीवर थाप मारली.

पन्नास किलोमीटरवर कोरड्या नदीचं पात्र लागलं. फिरत्या दवाखान्याची गाडी पूर्वी इथेच थांबायची, लांबून आलेली माणसं तिची वाट बघत बसायची. दुपारचा दीड वाजला होता. वारा पडलेला, पाखरूही बोलत नव्हतं. निलगिरीच्या तापलेल्या पानांचा वास येत होता, आणि त्यात आणखी एक... घामाने भिजून वाळलेल्या जुन्या हॅटचा. मी शेवटचा नट आवळत होते तेव्हा ट्रेलरची स्प्रिंग करकरली. सावकाश. थकलेला माणूस बाजेवर टेकावा तशी.

मी उठून पाहिलं. मागची फळी बंद होती. आत काहीच नव्हतं. मला घाई होती. निघाले.

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतात. पहिल्या गाडीवाल्याने बोट उचललं, आणि शेजारून जाताना पुन्हा उचललं, मागे बघत. दुसऱ्याने तसंच केलं. तिसरी एक म्हातारी होती. तिने मागे बघून चक्क मान लववली.

ट्रेलरचं कौतुक करतायत, असं मला वाटलं. ऊर भरून आला माझा.

मग मागच्या ट्रकवाल्याचा आवाज गाडीतल्या वायरलेस रेडिओवर आला.

"ट्रेलरवाली ताई, ऐकतेस का?"

"बोला."

"माणसाला असं उघड्यावर बसवतात का? पुढे घे की त्यांना... ऊन फार आहे."

मी गाडी बाजूला घेतली. ट्रक निघून गेला. ट्रेलरच्या तळाला लाल धूळ बसली होती, सगळीकडे सारखी. एका कोपऱ्यात तेवढी जागा स्वच्छ होती. एक माणूस पाय जवळ घेऊन बसेल, एवढी.

गावातल्या धान्याच्या काट्यावर पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. वजन करणारी आणि नंबर देणारी बाई एकच, नोरीन.

"तीनशे अठ्ठ्याण्णव."

"रिकामा आहे, नोरीन. ये, बघ."

"दिसतंय मला. धूळ झाड, पुन्हा चढव."

झाडली. पुन्हा तेच.

"पट्टीशी जुळल्याशिवाय नंबर नाही देता येत, बाळा. चारला खिडकी बंद."

अठ्ठावन्न किलो. माझ्यातली नर्स म्हणाली, बाप्यामाणसाला हे वजन फार कमी आहे.

मी ट्रेलर गावातल्या आमच्या दवाखान्याच्या दाराशी नेला आणि मागची फळी उघडली.

"दवाखाना आलाय..." मी त्या रिकाम्या कोपऱ्याला म्हणाले. "उतरा आता. उशीर झाला आम्हाला... माफ करा."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग स्प्रिंग करकरली. ट्रेलर बोटभर वर आला. हॅटचा तो वास माझ्या खांद्याला घासून पायऱ्यांकडे गेला.

काट्यावर परत चढवला तेव्हा बरोबर तीनशे चाळीस भरले. नोरीनने माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर शिक्का मारला. चारला तीन मिनिटं कमी असताना नंबरप्लेट माझ्या हातात आली. मी गुडघे टेकून स्वतः तिचे स्क्रू आवळले. पदवी घेतानाही मान एवढी ताठ झाली नव्हती माझी. सोमवारी लिनेटकडे जायचं, हे पक्कं झालं.

तेवढ्यात फोन आला. दवाखान्यात नावं लिहून घेणारी मार्नी हळू आवाजात बोलत होती.

"ब्रॉनी, तू सोडलेले आजोबा बाकावर बसलेत. पाण्याला हात लावत नाहीत, नाव सांगत नाहीत. एवढंच म्हणतात... त्या पोरीला सांगा, मागून अजून सातजण येतायत."